नियमात मुरलेली गोष्ट

मांजरसुंब्याहून केजकडे निघालं की वाटेत नेकनूर लागतं. बीड तालुक्यातलं हे बाजाराचं गाव, जनावरांच्या आठवडी बाजारासाठी आणि बंकटस्वामी महाराजांच्या संस्थानासाठी पंचक्रोशीला ठाऊक असलेलं. विज्ञानकथेवर बेतलेल्या रोल-प्लेइंग व्हिडिओ गेमांचा विचार अशा गावातून करायला घेतला, तर एक गोष्ट लगेच ध्यानात येते. २०१६ नंतर डेटा स्वस्त झाला आणि फोनवरचे खेळ खेड्यापाड्यांत पोचले. पब्जी या गोळीबाराच्या खेळावर सप्टेंबर २०२०मध्ये बंदी आली, जुलै २०२१मध्ये तोच खेळ बीजीएमआय या नावाने परतला, आणि पोरांचा सराव काही मोडला नाही. कोणती बंदूक जवळून चालते, कोणती लांबून, अंगावरचं जॅकेट कितपत मार झेलतं, वर्तुळ आकसायला लागलं की कुठल्या अंगाने पळायचं, हे सगळं त्यांनी कुणी न शिकवता अंगवळणी पाडून घेतलं. म्हणजे लढाई पोचली. गोष्ट मात्र पोचली नाही. ज्या खेळांत खेळणारा एखाद्या पात्राचं आयुष्य पत्करतो, त्याची कौशल्यं वाढवतो, माणसांशी बोलतो, निर्णय घेतो आणि त्या निर्णयांची फळं तासन्‌तास भोगतो, ते खेळ बहुतेक करून महागडा कॉम्प्युटर किंवा कन्सोल मागतात, आणि त्याहून जास्त म्हणजे इंग्रजी मागतात. यावरून सहज असं म्हटलं जातं, की अशा गावांच्या वाट्याला हलकं तेवढं आलं आणि मोलाचं ते तिकडेच राहिलं. मला हे पटत नाही. माझं म्हणणं असं, की चांगल्या रोल-प्लेइंग खेळात गोष्ट संवादांत आणि लढाई मधल्या विरंगुळ्यात अशी वाटणी नसतेच. खेळाचा जगाविषयीचा खरा विचार त्याच्या लढाईच्या नियमांत असतो. त्यामुळे ज्याला संवाद कळत नाहीत पण नियम कळतो, तो गोष्टीच्या बाहेर नसतो; तो तिच्या गाभ्यापाशी उभा असतो.

हे नुसतं म्हणून चालणार नाही, दाखवावं लागेल. १९९७ साली इंटरप्ले या अमेरिकन कंपनीचा 'फॉलआउट' हा खेळ आला. टिम केन हा त्याच्या कर्त्यांमधला प्रमुख. अणुयुद्धानंतरचं उजाड कॅलिफोर्निया, जमिनीखालच्या तळघरात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेली माणसं, आणि पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रातली चिप बिघडली म्हणून बाहेर पाठवलेला एक जण, अशी कथा. यातली लढाई पाळीपाळीने चालते. प्रत्येक पाळीत तुमच्या पात्राला मोजके अ‍ॅक्शन पॉइंट मिळतात. एक पाऊल सरकलं की एक पॉइंट गेला, गोळी झाडली की काही गेले, लढाई चालू असताना पिशवीत हात घालून औषध काढायचं तरी पॉइंट मोजावे लागतात. नेम धरायचा तर शत्रूच्या शरीराचं चित्र समोर येतं आणि डोळा, डोकं, हात, पाय यांच्यापुढे तो नेम लागण्याची टक्केवारी दिसते. वरवर पाहता ही आकडेमोड आहे. पण टंचाईच्या जगात माणूस कसा जगतो हे या आकडेमोडीइतकं नेमकं कोणताही संवाद सांगत नाही. पळायचं की मारायचं की जखम बांधायची, तिन्ही एकाच वेळी होत नाही. एक केलं की दुसरं राहतं. दुष्काळात ज्याने पाण्याचा टँकर, जनावरांचा चारा आणि पोरांची फी यांत एकच पैसा तीनदा फिरवून बघितला आहे, त्याला हा नियम समजावून सांगण्याची गरज नाही.

इथे पहिली हरकत येते, आणि ती भक्कम आहे. 'फॉलआउट' ज्या प्रसंगासाठी गाजला तो लढाईचा नाही, बोलण्याचा आहे. कथेतला मुख्य शत्रू, ज्याला मास्टर म्हणतात, तो माणसांचं रूपांतर करून एक नवी, टिकाऊ जात घडवू पाहतो. त्याच्याशी न लढता त्याला हरवता येतं. त्याने घडवलेल्या जातीला संतती होऊ शकत नाही, याचा पुरावा मिळवून तो त्याच्यापुढे ठेवायचा. स्वतःचं अवघं स्वप्न वांझोटं आहे हे पटल्यावर तो स्वतःच शेवट करून घेतो. मग शब्दच थोर ठरले नाहीत का? ठरले, पण ते कुठून आले तेही बघायला हवं. बोलण्याचं कौशल्य आणि बंदुकीचं कौशल्य या खेळात एकाच गल्ल्यातून वाढतात. अनुभवाने मिळालेले पॉइंट वक्तृत्वावर खर्चले तर नेम कच्चा राहतो, आणि कच्च्या नेमाने ते उजाड रस्ते ओलांडावे लागतात. पटवून देण्याची ताकद खेळाडूने आधीच्या कित्येक लढायांत मार खाऊन विकत घेतलेली असते. मास्टरसमोरचा तो संवाद लढाईच्या नियमांना वगळून उभा राहत नाही. त्या नियमांनीच त्याला वजन दिलेलं असतं. संवाद लिहिणाऱ्यांची थोरवी यात कमी होत नाही. फक्त ते एकटे नव्हते एवढंच मला म्हणायचं आहे.

उलट उदाहरण हवं असेल तर 'मास इफेक्ट' घ्यावा. कॅनडातल्या बायोवेअर कंपनीची ही तीन भागांची मालिका, २००७, २०१० आणि २०१२ सालची. कमांडर शेपर्डच्या रूपात आपण आकाशगंगा पालथी घालतो, वेगवेगळ्या ग्रहांवरचे सोबती जमवतो, आणि दर पन्नास हजार वर्षांनी प्रगत संस्कृती खुडून नेणाऱ्या रीपर नावाच्या यंत्रांशी झुंजतो. कथेची भव्यता नाकारण्यात अर्थ नाही. पण नियमाचं आणि कथेचं नातं सुटलं की काय होतं, हे या मालिकेतल्या एका बारीकशा जागी फार स्पष्ट दिसतं. पहिल्या भागातल्या बंदुका धातूच्या ठोकळ्यातून कणाएवढी गोळी खरवडून घेतात, म्हणून गोळ्या संपत नाहीत. फक्त बंदूक तापते आणि निवेपर्यंत थांबावं लागतं. दुसऱ्या भागात कर्त्यांना लढाई जास्त चटपटीत हवी होती. म्हणून तापलेली पट्टी काढून नवी बसवायची, अशा थर्मल क्लिप आल्या, आणि व्यवहारात त्या नेहमीच्या काडतुसांसारख्याच संपायला लागल्या. कथेतल्या मधल्या दोन वर्षांत साऱ्या आकाशगंगेने ही सुधारणा स्वीकारली, असा खुलासा खेळातल्या माहितीकोशात घातला गेला. आता त्याच भागात जेकब नावाच्या सोबत्याच्या वडिलांना शोधायला आपण एका परक्या ग्रहावर जातो. ह्यूगो गर्न्सबॅक हे त्यांचं जहाज (विज्ञानकथेच्या पहिल्या मासिकाच्या संपादकाचं नाव त्याला दिलं आहे) कित्येक वर्षांपूर्वी तिथे कोसळलेलं, तेव्हापासून बाहेरच्या जगाशी संबंध तुटलेला. आणि तिथल्या जमिनीवर थर्मल क्लिप पडलेल्या असतात! ज्या वस्तूचा शोध ही माणसं हरवल्यानंतर लागला, ती त्यांच्याकडे आली कुठून? बारकाईने खेळणाऱ्यांनी ही चूक पकडली. मला ती निव्वळ चूक वाटत नाही. लढाई एका खोलीत आणि गोष्ट दुसऱ्या खोलीत लिहिली गेली याची ती खूण आहे.

तीच फट शेवटी रुंद झाली. दुसऱ्या भागाच्या अखेरच्या मोहिमेत कोण जगतो आणि कोण मरतो हे ठरतं, पण ते आपण किती शौर्याने लढलो यावरून ठरत नाही. सोबत्यांचा विश्वास आधी कमावला होता का, जहाजात सुधारणा वेळेवर केल्या होत्या का, कुठलं काम कुणाकडे सोपवलं, यावरून ठरतं. हा नियम उत्तम होता, कारण नेतृत्वाविषयी त्याला काही म्हणायचं होतं. तिसऱ्या भागात मात्र तीन खेळांमधली सगळी मैत्री, सगळे सौदे, सगळे वाचवलेले ग्रह एका लष्करी बळाच्या आकड्यात ओतले गेले आणि शेवटी मोजक्या पर्यायांपुढे खेळाडूला उभं केलं गेलं. जगभरातून एवढी ओरड झाली, की जून २०१२मध्ये बायोवेअरला शेवटाचा वाढवलेला भाग फुकट द्यावा लागला. त्यात दृश्यं वाढली, खुलासे वाढले, शब्द वाढले. दुखणं शब्दांच्या कमतरतेचं नव्हतं, त्यामुळे बऱ्याच जणांचं समाधान काही झालं नाही.

एका गोळीने गोष्ट कशी फिरते हे मराठी वाचकाला परक्या ग्रहावर जाऊन शिकायला नको. जयंत नारळीकरांनी ते दाखवून ठेवलं आहे. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत नारायण विनायक जगताप या टोपणनावाने 'कृष्णविवर' पाठवून त्यांनी कथालेखनाला सुरुवात केली, आणि पुढे 'गंगाधरपंतांचे पानिपत' लिहिली. इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत गायतोंडे अपघाताने अशा जगात जाऊन पोचतात जिथे १७६१ची पानिपतची लढाई मराठ्यांनी जिंकलेली आहे. आपल्या इतिहासात विश्वासराव गोळी लागून पडले आणि सैन्याचा धीर सुटला. त्या जगात गोळी कानाजवळून निघून गेली. बखरीचं एक फाटकं पान एवढाच काय तो पुरावा. त्यांचे मित्र राजेंद्र देशपांडे त्याचा उलगडा करताना पुंजभौतिकीतली अनिश्चितता पुढे आणतात: कण कुठल्या वाटेने जाईल हे आधी सांगता येत नाही, आणि प्रत्येक वाटेचं एकेक जग असू शकतं. रोल-प्लेइंग खेळातली लढाई आणखी काय असते? नेम लागण्याची टक्केवारी, फासा, आणि दोन्ही बाजूंना उघडणारी दोन जगं. नारळीकरांनी एका गोळीच्या चुकण्याला दीडशे-दोनशे वर्षांचा इतिहास बांधला. बहुतेक व्हिडिओ गेम हजारो गोळ्या झाडून घेतात आणि त्यांतल्या एकीलाही इतिहास बांधत नाहीत. विश्वासराव पडले तर खेळाडू मागची सेव्ह, म्हणजे जपून ठेवलेली नोंद, उघडतो आणि ते उठेपर्यंत पुन्हा खेळतो. पानिपत होतच नाही.

यावर खेळणाऱ्यांचं उत्तर ठरलेलं आहे, आणि ते रास्तही आहे. सेव्ह काढून घेतली तर खेळ छळ होईल. दिवसभर कॉलेज किंवा काम करून रात्री तासभर खेळणाऱ्याला एका चुकीच्या बटणासाठी वीस तासांची कमाई गमवायला लावणं हा कसला न्याय? शिवाय पुन्हा पुन्हा करून बघता येणं हीच तर खेळाची मोकळीक. आयुष्यात ती मिळत नाही म्हणून माणूस खेळाकडे येतो. हे मी मान्य करतो. सेव्ह असू नये असं मी म्हणत नाही. माझा आग्रह एवढाच, की सेव्ह ही सोयसुद्धा नियम आहे, तेव्हा गोष्टीला तिचाही जाब देता आला पाहिजे. २०१७चा 'निअर ऑटोमाटा' हा योको तारो यांचा जपानी खेळ ते करतो. यातली पात्रं म्हणजे माणसांसाठी यंत्रांशी लढणारे अँड्रॉइड, म्हणजे मानवाकृती यंत्रमानव. त्यांच्या शरीरात मर्यादित जागेत चिपा बसवायच्या: कुणी वार जोरकस करते, कुणी जखम भरते. पडद्यावर दिसणारी आयुष्याची पट्टी आणि कोपऱ्यातला नकाशा याही चिपाच असतात. जागा हवी असेल तर त्या काढून टाकता येतात आणि मग ती पट्टी, तो नकाशा खरोखरच दिसेनासा होतो. मुख्य चिप उपसली तर पात्र तिथल्या तिथे मरतं. म्हणजे आपलं दिसणं, आपलं भान हेही सामान आहे, ही तत्त्वज्ञानाची गोष्ट एका याद्यांच्या पानावर उमगते. अगदी शेवटी कर्त्यांची नावं सरकू लागतात आणि त्या नावांशीच लढावं लागतं. एकट्याने ते जवळपास अशक्य. मदत स्वीकारली की जगातल्या अनोळखी खेळाडूंची छोटी विमानं आपल्याभोवती ढाल धरतात, आणि एकेक पडताना कळतं, की त्यासाठी कुणाची तरी जपलेली खेळाची नोंद खर्ची पडली. मग आपल्यालाही विचारलं जातं: न पाहिलेल्या कुणाला असाच हात द्यायचा असेल तर तुमची सगळी सेव्ह कायमची पुसावी लागेल, तयार आहात? शब्द थोडेच आहेत. पण ते एकही नीट कळले नाहीत तरी काय मागितलं जातं आहे हे बोटांना कळतं.

माझ्या म्हणण्याचा सर्वांत जोरदार पुरावा मात्र ज्या खेळात लढाईच नाही त्यातून मिळतो. 'सिटिझन स्लीपर' हा २०२२चा खेळ, गॅरेथ डेमियन मार्टिन यांनी लिहिलेला आणि रचलेला. अंतराळातलं एक मोडकळीला आलेलं स्थानक, आणि त्यावर पळून आलेला एक स्लीपर. एका माणसाच्या मनाची प्रत काढून ती कंपनीच्या मालकीच्या कृत्रिम शरीरात घातलेली आहे. शरीर असं बनवलं आहे, की कंपनीचं औषध वेळच्या वेळी मिळालं नाही तर ते आपोआप मोडत जातं, म्हणजे कुणी पळून गेलाच तर फार लांब जाणार नाही. रोज सकाळी फासे पडतात, जास्तीत जास्त पाच. शरीराची अवस्था जितकी वाईट तितके फासे कमी. पडलेला प्रत्येक फासा एकेका कामाला लावायचा: जहाज मोडायला, भटारखान्यात राबायला, कुणाचं पोर सांभाळायला. मोठा आकडा लावला तर काम फळतं, छोटा लावला तर अंगाशी येण्याची धास्ती. औषधाला पैसा हवा, पैशाला काम हवं, कामाला फासा हवा आणि फाशाला धड शरीर हवं. यात बंदूक झाडायची नाही, पण हा लढाईचाच नियम आहे. फक्त शत्रू समोर उभा नाही, तो शरीरात बसवलेला आहे.

हा नियम बीड जिल्ह्यात समजावून सांगावा लागणार नाही. दिवाळीच्या सुमारास इथून ऊसतोडीच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो. मुकादम त्या कोयत्याला आधी उचल देतो, आणि ती हंगामभर टनाच्या हिशोबाने फेडायची असते. फडाजवळच्या कोपीत, म्हणजे झोपडीत, बाई अंधारातच उठून भाकऱ्या थापते, मग तोडणी, पाचट झाडणं, मोळ्या बांधणं, आणि गाडी रात्री आली तर रात्री डोक्यावरून मोळ्या वाहून ती भरणं. एक दिवस अंग धरलं आणि काम चुकलं तर खाडा पडतो. मजुरी जाते ती जाते, वर दंड बसतो. पाळीचा त्रास, बाळंतपण, पाठदुखी, सगळ्याचा हिशोब खाड्याशी येऊन थांबतो. २०१९ साली या जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांची गर्भाशयं मोठ्या संख्येने काढली गेल्याच्या बातम्या देशभर गेल्या. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, आणि तपासल्या गेलेल्या सुमारे ८२ हजार बायकांपैकी १३ हजारांहून अधिक जणींवर ही शस्त्रक्रिया झालेली निघाली. उद्याचे फासे मिळावेत म्हणून आज शरीराचाच भाग देऊन टाकायचा, हे मार्टिन यांच्या अंतराळस्थानकावरचं गणित मराठवाड्यात आधीपासून मांडलेलं आहे.

इथे कुणी रागावून म्हणेल, की माणसांच्या हालांचा खेळ मांडता काय? एवढ्या गंभीर गोष्टीला फाशांशी जोडणं हीच बेअदबी आहे. हा राग मी टाळणार नाही. त्यामागे माया आहे. परंतु हालांचं वर्णन आपण पुष्कळ वाचलं. बातम्या वाचल्या, अहवाल वाचले, माहितीपट पाहिले. त्या सगळ्यांत वाचणारा बाहेर बसलेला असतो आणि त्याच्या मनात एक प्रश्न सारखा डोकावतो: मग ही माणसं उचल घेतातच कशाला? ऑपरेशनला तयारच का होतात? वर्णन या प्रश्नाला उत्तर देऊ शकतं, पण प्रश्न विचारणाऱ्याला त्या माणसांच्या जागी बसवू शकत नाही. नियम बसवतो. हातात दोन फासे उरलेले असताना, आकडे तीन आणि एक पडलेले असताना, खेळाडू जो निर्णय घेतो तो त्याला दुसऱ्याच्या तोंडून ऐकून मूर्खपणाचा वाटला असता. तो मूर्खपणा नव्हता, तेवढीच जागा उरली होती, हे त्याला स्वतःच्या हाताने कळतं. बेअदबी होते ती खेळ केल्याने नव्हे, खेळ खोटा केल्याने. ऊसतोडीच्या खेळात कष्ट करून कुणीही मुकादम होतो असा नियम ठेवला तर ती थट्टा होईल, मग संवाद कितीही हळवे लिहा.

तरीही माझ्या मतावर एक आघात असा आहे, की त्याने ते मत मला थोडं बदलावं लागतं. नियमच सगळी गोष्ट सांगतो हे खरं असेल, तर मोक्षपटाचं काय झालं? ज्ञानेश्वरांच्या नावाने परंपरेत चालत आलेला हा पट. त्यात घरांना नावं होती. काम, क्रोध, लोभ, मद, मत्सर यांचे साप आणि सद्गुणांच्या शिड्या. कवड्या टाकायच्या, सोंगटी चढायची, घसरायची, आणि मुक्कामाला पोचायचं. नियम आणि उपदेश एकजीव झालेला हा खेळ एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला इंग्लंडात गेला, त्याची घरं हळूहळू नुसत्या आकड्यांची झाली, आणि परत आला तो सापशिडी होऊन. मूळ नियम मात्र तोच राहिला होता. तेच चढणं, तेच घसरणं. पण आता त्यातून कुणाला क्रोधाविषयी काही कळत नाही. शंभरावर आधी कोण, एवढंच उरलं. तेव्हा नियम एकटा पुरत नाही हे मान्य करायला हवं. नियम गोष्टीला हाड देतो, पण घसरलो ते कशामुळे हे सांगायला नाव लागतं, आणि नाव खेळणाऱ्याच्या भाषेत असावं लागतं. पब्जी खेळणाऱ्या पोराला आकसणाऱ्या वर्तुळाचा नियम पक्का ठाऊक आहे. ते वर्तुळ कशाचं आहे हे त्याला कुणी सांगितलेलं नाही, कारण त्या खेळाने ते ठरवलेलंच नाही.

म्हणून मराठीचा मुद्दा मला भावनेचा वाटत नाही, रचनेचा वाटतो. मोठ्या विज्ञानकथात्मक रोल-प्लेइंग खेळांत रशियन, पोलिश, जपानी पर्याय सापडतात, मराठी नाही. पुण्यात तर खेळ तयार होतात. नॉडिंग हेड्स गेम्सचा 'राजी' २०२०मध्ये आला, त्यात भारतीय पुराणं आहेत. सुपरगेमिंगचा 'इंडस' ऑक्टोबर २०२४मध्ये आला, तो तर सिंधू संस्कृतीच्या धाग्यावरून भविष्यकाळ रचणारा, फोनवर चालणारा. 'इंडस'मध्ये मला मोलाची वाटते ती नियमातली एक जागा: शेवटच्या टप्प्यात कॉस्मियम नावाची वस्तू प्रकट होते आणि ती ताब्यात घेऊनही जिंकता येतं, शेवटच्या माणसाला मारलंच पाहिजे असं नाही. सगळ्यांना संपवणं हाच विजय, या सवयीला नियमानेच दिलेला हा धक्का आहे. तो रोल-प्लेइंग खेळ नाही, त्यात निवडींचा संसार नाही. पण नियमातून बोलायची तयारी तिथे दिसते. पुण्यातून नेकनूर फार दूर नाही, आणि नारळीकर तर पुढे पुण्यातच राहून मराठीत लिहीत होते.

आता राहिल्या दोन शंका. एक म्हणजे, गावाकडच्या पोरांना गोळीबार हवा असतो, एवढं वाचत कोण बसणार? नेकनूरच्या बाबतीत तरी ही शंका घेऊ नये. जिथे एका अभंगावर दोन तास कीर्तन चालतं, एकेक शब्द उलगडून, दृष्टान्तामागून दृष्टान्त देत, आणि माणसं मांडी न मोडता ऐकतात, तिथे लोकांना लांब गोष्ट पेलत नाही म्हणणं हा त्यांचा अपमान आहे. त्यांच्या भाषेत आणि त्यांच्या फोनवर चालेल अशी गोष्ट कुणी दिलेली नाही, एवढंच खरं. दुसरी शंका पैशाची. 'मास इफेक्ट'सारख्या खेळाला शेकडो माणसं आणि अफाट भांडवल लागतं, ते कोण घालणार? कुणी घालू नये, मी म्हणतो. 'सिटिझन स्लीपर' हा मुख्यतः एका माणसाने लिहिलेला, एक चित्रकार आणि एक संगीतकार सोबत घेऊन केलेला खेळ आहे. त्यात भव्य लढाया नाहीत. चित्रं आहेत, मजकूर आहे आणि पाच फासे आहेत. उचल, कोयता, टन, खाडा, उसाच्या शेंड्यांचं वाढं विकून सुटणारा किरकोळ पैसा आणि अंगातली ताकद, एवढ्या सहा गोष्टींचा पट एका पुठ्ठ्यावर आखता येतो. काळ पुढचा घ्यावा, फड मंगळावरचा घ्यावा, कोयत्याच्या जागी यंत्राचा हात द्यावा. विज्ञानकथेला तेवढी मोकळीक आहेच. कॉम्प्युटर लागेल तो नंतर. आधी ज्यांनी हंगाम काढला आहे अशा चार जणांना बसवून, सहा कवड्या हातात देऊन, हा नियम खेळून बघावा, आणि खाड्याचा दंड कमी लावला आहे की जास्त, उचल फिटायला किती हंगाम लागले पाहिजेत, हे त्यांच्याकडून दुरुस्त करून घ्यावं.